खोकल्याची गोळी आणि मुखेडची जीप

माझ्या दवाखान्यात शांतता कधीच नसते. बाहेरच्या बाकांवर कायम पंधरा-वीस जण खोकत बसलेले असतात आणि आत बसल्या बसल्या, पडदा न सारता, कोण काय घेऊन आलंय याचा मला अंदाज येतो. दम्याचा खोकला, बिडीचा खोकला, पोटातलं आम्ल वर येऊन होणारा खोकला, आणि सासूचं लक्ष वेधायचा खोकला. सत्तावीस वर्षं मी नांदेडमध्ये छातीचे विकार तपासतेय, दर गुरुवारी लातूरला जाते, आणि माझ्या या कानांचा मला गर्व होता. कान चांगले असले म्हणजे माणूस ऐकतोच असं नाही, हे मला एका जीपने शिकवलं. संपादकांना अनुभव हवा होता, तर तोच देते. फारसा मिरवण्यासारखा नाही.

आधी थोडं आमच्या धंद्यातलं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

दोन महिन्यांच्या वर खोकला टिकला की आम्ही त्याला जुनाट म्हणतो. मग शोध सुरू होतो. टीबी आहे का, दमा आहे का, नाकातून घशात काही उतरतंय का, बीपीच्या एखाद्या गोळीने होतंय का. बहुतेकांचं काहीतरी सापडतं आणि ते बरे होतात. पण काहींचं काहीच सापडत नाही. एक्स-रे स्वच्छ, स्कॅन स्वच्छ, बेडका तीनदा तपासून झालेला, आणि माणूस मात्र वर्ष वर्ष खोकतोय. अशांची फाइल दप्तराएवढी असते, आणि 'तुम्हाला काही नाही' हे वाक्य ऐकून ऐकून ते पिसाळलेले असतात.

या लोकांच्या घशातल्या नसा चिडलेल्या असतात. मिरच्या कांडल्यावर हाताला साधं पाणी लागलं तरी आग होते ना, तसं. पाण्यात दोष नसतो, हात हुळहुळलेला असतो. यांच्या घशाला थंड हवा लागली, उदबत्तीचा वास आला, नुसतं चार वाक्यं बोललं, तरी आतली नस मेंदूला आरोळी ठोकते आणि खोकला सुटतो. तिथे कफाचं औषध बाटल्या बाटल्या ओतून उपयोग नाही. नस शांत करावी लागते.

म्हणून आम्ही नसांवर काम करणारी औषधं देतो. गॅबापेंटिन, प्रीगाबालिन, कधी अ‍ॅमिट्रिप्टिलिन. अगदीच अडून बसलेल्या खोकल्याला मॉर्फिनचा बारीकसा डोस. यातलं एकही औषध मुळात खोकल्यासाठी निघालेलं नाही. फिट्स, नसांचं दुखणं, उदासपणा, असल्या कामांसाठी ती आली आणि इकडेही उपयोगी पडली. सगळ्यांना लागू पडतात असं नाही. थोड्यापासून सुरू करायची, हळूहळू वाढवायची, आणि बंद करतानाही एकदम नाही, उतरत उतरत. झोप येते, गरगरतं, डोकं जड होतं. म्हणून प्रत्येक पेशंटला मी एक वाक्य ठरलेलं सांगते: झोप येईल, गाडी चालवू नका.

लातूरला एक क्लासवाले सर होते, भौतिकशास्त्र शिकवायचे. माइक हातात घेतला की त्यांना खोकला सुटायचा. गोळी सुरू केली, खोकला थांबला, मी खूश. पंधरा दिवसांनी सर आले ते रडवेले होऊन. फळ्यावर एक सूत्र सोडवता सोडवता मधेच ते थांबले होते आणि पुढे काय लिहायचं ते त्यांना आठवेना. अख्खा हॉल गप्प बसून त्यांच्या पाठीकडे बघत होता. "मॅडम, खोकला परत द्या," ते म्हणाले, "पण माझं डोकं मला परत द्या." डोस निम्म्यावर आणला, तेव्हा कुठे गाडं रुळावर आलं.

भोकरकडच्या एका बाईंना तिथल्या औषधवाल्याने गोळ्या देताना काउंटरवरूनच सांगितलं, "ही फिटची हाय." झालं. दुसऱ्या दिवशी नवरा, दीर आणि दोन नणंदा माझ्या टेबलासमोर उभ्या. "आमच्या घराण्यात कुणालाच फिट येत न्हाई. तुमी काय लावून राहिले तिच्या मागं?" तेव्हापासून मी प्रत्येक चिठ्ठीवर मराठीत लिहिते, 'नसेच्या खोकल्यासाठी'. वाटलं, आता समजावून सांगण्यात आपण कुठे कमी पडत नाही.

अशा भ्रमात मी असताना व्यंकटराव आले.

पंचेचाळिशीचा, उन्हाने रापलेला माणूस. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, पायात धुळीने भरलेल्या चपला. सोबत गायकवाड गुरुजी, मुखेडच्या शाळेत शिक्षक, राहायला नांदेडात. नात्याने कुणी नव्हते, पण बोलत गुरुजीच होते, कारण व्यंकटरावांनी तोंड उघडलं की खोकला यायचा. दीड वर्षापूर्वी ताप आला होता, ताप गेला आणि खोकला राहिला.

"मॅडम, रोज माझ्या डोळ्यांसमोर खोकतात हे," गुरुजी म्हणाले. "बघवत नाही."

रोज डोळ्यांसमोर म्हणजे कुठे, हे मी विचारलं नाही.

सगळ्या तपासण्या आधीच झालेल्या होत्या. मी छाती ऐकली, घसा पाहिला, आणि नेहमीचे प्रश्न विचारले. त्यात एक असतो: खोकताना डोळ्यांपुढे अंधारी येते का, शुद्ध हरपते का?

"न्हाई," व्यंकटराव म्हणाले. गुरुजी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले.

मी गॅबापेंटिन सुरू केलं, चिठ्ठीवर मराठीत लिहिलं, ठरलेलं वाक्य सांगितलं. महिन्याने ते परत आले. काडीचा फरक नाही. मी डोस वाढवला. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

"झोप येते का?"

"लई येते बाई. गोळी घेतली की उठवत न्हाई. दिवसभर पडून राहतो."

मला कोडं पडलं. एवढी झोप येते म्हणजे औषध पोटात जातंय, मग खोकला हलत का नाही? तेव्हाच थांबून विचारायला हवं होतं, गोळी कशी घेता, कधी घेता. पण माझ्या हातून औषध वाया जात नाही हा माझा तोरा होता. मी अजून वाढवलं. पुढच्या खेपेला उतार नसेल तर मॉर्फिनकडे वळायचं, असं मनाशी ठरवूनसुद्धा टाकलं.

ती पुढची खेप आलीच नाही. त्याआधी मुखेडला शिबिर होतं.

एप्रिलचा बुधवार होता. शिबिरात एका म्हाताऱ्या माणसाला इतका दम लागलेला निघाला की त्याला तातडीने नांदेडला भरती करणं भाग होतं. मला घेऊन आलेल्या गाडीतून त्यालाच पाठवलं आणि मी मागे राहिले. संयोजक म्हणाले, "बाई, स्टॅंडवर जीप लागलेली हाय, आत्ता सुटंल. एकदम सेफ माणूस हाय डायवर."

काळीपिवळी जीप होती, माणसांनी गच्च भरलेली. मला मधल्या रांगेत जागा करून दिली. एका बाजूला कोथिंबिरीचं गाठोडं घेतलेली म्हातारी, दुसऱ्या बाजूला कॉलेजची एक मुलगी, मागे सात-आठ जण. पुढे ड्रायव्हरशेजारी पेपर वाचत बसलेले गृहस्थ वळले आणि माझ्याकडे बघून त्यांचा चेहरा पडला. गायकवाड गुरुजी. तेवढ्यात ड्रायव्हर चढला, आरसा नीट करायला त्याने हात वर केला, आणि आरशात आम्ही एकमेकांना दिसलो.

"बाई, तुमी?" व्यंकटराव म्हणाले.

मी काही बोलायच्या आत मागून कुणीतरी ओरडलं, "चला की आता, किती भरताव?" जीप सुटली.

माझ्या डोक्यात हिशोब जुळेना. हा माणूस रोज तीन गोळ्या घेतोय. माझ्याच डोसने. मी ताडकन विचारलं, "व्यंकटराव, आज गोळी घेतलीत?"

आरशातलं डोकं नकारार्थी हललं. मला क्षणभर हायसं वाटलं आणि लगेच लक्षात आलं की यात हायसं वाटण्यासारखं काहीच नाही.

पहिली वीसेक मिनिटं ठीक गेली. व्यंकटरावांच्या तोंडात लवंग होती, काचा वर होत्या, गाडी पन्नासच्या आत होती. पुढे रस्त्याचं काम चाललेलं होतं. समोरून एक ट्रक धुरळा उडवत गेला आणि तो धुरळा जीपच्या फटींतून आत आला.

खोकला सुरू झाला. मी तो दवाखान्यात ऐकला होता, पण खुर्चीत बसलेल्या माणसाचा. इथे तो माणूस चालत्या गाडीच्या स्टिअरिंगवर वाकत होता. एक ढास, दुसरी, तिसरी, मधे श्वास घ्यायला उसंतच नाही. मानेच्या शिरा फुगल्या. आणि तेव्हा मी पाहिलं की गुरुजींचा उजवा हात पेपरवरून उठला आणि शांतपणे स्टिअरिंगवर गेला. डाव्या हातात पेपर तसाच होता. व्यंकटरावांची मान पुढे पडली, दोन्ही हात सुटून मांडीवर आले. गाडीचा वेग आपोआप उतरला, मागच्या टेम्पोने कर्कश हॉर्न दिला. समोर पूल होता. गुरुजींनी चाक सरळ धरून ठेवलं होतं, नजर रस्त्यावर.

तीन सेकंद, चार. मग मान वर आली, हात चाकावर आले, गुरुजींनी आपला हात काढून घेतला आणि पेपरचं पान उलटलं. गाडीत कुणाला काही कळलं नाही. म्हातारी पेंगत होती.

मला मात्र त्याचं नाव माहीत होतं. जोराच्या खोकल्याने मेंदूकडे जाणारं रक्त क्षणभर कमी पडतं आणि माणूस बेशुद्ध होतो. शिकाऊ डॉक्टरांना हे मी दरवर्षी शिकवते.

"गाडी बाजूला घ्या," मी म्हणाले.

"पुढं फाट्यावर घेतो, बाई."

"आत्ता घ्या."

आणि मग मला सुचेना की कारण काय सांगू. खरं सांगितलं असतं तर जीप रिकामी झाली असती, आणि दुसऱ्या दिवशी मुखेडच्या स्टॅंडवर या माणसाच्या गाडीत कुणी पाय ठेवला नसता. घर त्या गाडीवर चालत होतं. शिवाय पेशंटचा आजार चारचौघांत बोलायचा नाही, हा आमचा पहिला धडा. पण गप्प बसावं तर ही दहा-बारा माणसं, त्यात एक मीही.

"मला उलटी होतेय," मी म्हणाले.

जीप एका लिंबाखाली थांबली. मी उतरून झाडामागे गेले आणि या दोघांना हाताने खूण केली. ते आले.

"गोळी शेवटची कधी घेतली?"

"आयतवारी."

"आज बुधवार आहे!"

"बाई, तुमीच तर सांगितलं," व्यंकटराव म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात जरासुद्धा बनवाबनवी नव्हती. "गोळी घेऊन गाडी चालवू नका म्हणून. माझी गाडी आठवडाभर चालू राहती. आयतवारी बंद. मंग आयतवारी घेतो. तीनच्या तीन एकदम घेतो अन् पडून राहतो."

मी तीन महिने ज्या औषधाचा डोस वाढवत होते ते हा माणूस आठवड्यातून एकदा घेत होता. तेही माझ्याच सूचनेचा मान राखून. एकदम तीन गोळ्या घेऊन झोपलेल्या माणसाचं काय होऊ शकलं असतं, ते माझ्या डोळ्यांपुढे तरळलं आणि माझा तोल गेला. रागावले की मी अहो-जाहो विसरते.

"मग मला शेती करतो म्हणून खोटं का सांगितलंस?"

"म्या कवा सांगितलं?"

"आणि अंधारी येत नाही म्हणालास ते?"

गुरुजीच बोलले. "मॅडम, चूक माझीही आहे. दीड वर्ष मी धरतोय. पहिल्यांदा झालं तेव्हा घाबरून धरलं. मग रोजचंच झालं."

"तुम्हाला गाडी चालवता येते?"

"नाही. फक्त सरळ धरता येते."

"आणि वळण असलं तर?"

"वळणाच्या आधी ते लवंग बदलतात."

मला हसू आलं असतं, पण दुसरा प्रश्न आधी आला. "तुम्ही नांदेडला उतरता. मग रात्री मुखेडला परत जाताना चाक कोण धरतं?"

व्यंकटरावांनी टोपी काढून हातात घेतली.

जीपमधून आरोळ्या यायला लागल्या. "आवो, झाली का उलटी? उशीर व्हायलाय!" आजूबाजूला गाव नव्हतं. दुसरी गाडी कधी येईल याचा भरवसा नव्हता. गाडीतल्या कुणाला चालवता येते का विचारायचं, तर का म्हणून सांगावं लागणार.

"किल्ली द्या," मी म्हणाले.

मी रोज नांदेडच्या गर्दीत स्वतःची गाडी चालवते. प्रवासी जीप चालवायचा परवाना माझ्याकडे नव्हता आणि आजही नाही, हे मी इथे कबूल करून टाकते. लोकांना सांगितलं की मला मागे बसलं की मळमळतं, चालवायला घेतली की मळमळत नाही. मागच्या रांगेत खसखस पिकली. म्हातारी पूर्ण जागी झाली.

"बाई, तुमी डाक्टर हाव की डायवर?"

"आज दोन्ही."

"मंग जीव घेऊ नका म्हंजे झालं."

माझ्या शेजारी व्यंकटराव, आणि दाराकडे गुरुजी, त्यांनी व्यंकटरावांच्या खांद्यामागून हात टाकलेला. गिअर लुळा होता, क्लच अर्ध्यावर धरायचा. "डावीकडं वढती ती," व्यंकटराव हळूच म्हणाले, "जरा उजवीकडं दाबून धरा." त्यांच्या आवाजात काळजी होती, पण ती माझी नव्हती, गाडीची होती.

दहा-पंधरा मिनिटं मी रस्त्याखेरीज काही पाहिलं नाही. मग शेजारी घसा खाकरल्याचा आवाज आला. समोर वळण होतं, वळणावरून येणारी बस, आणि बसच्या मागे उसाने लादलेला ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या. मी ब्रेकवर पाय ठेवला तेवढ्यात व्यंकटरावांना ढास लागली. एक, दोन, आणि त्यांचं डोकं धाडकन माझ्या डाव्या दंडावर आलं. अख्ख्या माणसाचं वजन. हात गिअरवरून निसटला, स्टिअरिंग उजवीकडे खेचलं गेलं. बसचं तोंड मला काचेत मोठं होताना दिसलं. गुरुजींनी व्यंकटरावांना सदऱ्याला धरून मागे ओढलं, मी चाक डावीकडे फिरवलं, चाकं कच्च्या कडेवर उतरली, खडखडत पुन्हा वर आली. बस निघून गेली. ट्रॉलीतल्या उसाची पानं काचेला घासली.

"ह्याला काय झालं वो?" मागून म्हातारीने विचारलं.

"झोप लागलीय त्याला," आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवणारे गुरुजी म्हणाले. "जागरण झालंय."

व्यंकटरावांनी डोळे उघडले होते. आपण कुठे आहोत हे त्यांना दोन क्षण कळलं नाही, आणि मग कळलं. दीड वर्षात ती गोष्ट त्यांनी आतूनच अनुभवली होती, आणि आतून ती डोळे मिटून उघडण्याएवढीच असते. आज त्यांच्या हातात चाक नसताना गाडीचं काय झालं, हे कडेच्या धुरळ्यावरून आणि माझ्या तोंडावरून त्यांना कळलं.

नांदेडला गाडी रिकामी करून मी दोघांना तसंच दवाखान्यात नेलं. आधी केसपेपर काढला, कारण मला शेतीचा सोक्षमोक्ष लावायचा होता. 'व्यवसाय' या रकान्यासमोर 'शेती' लिहिलेलं होतं. माझ्याच अक्षरात. मुखेड म्हटलं, टोपी दिसली, आणि हाताने आपोआप लिहून टाकलं. तीन महिने मी तो कागद दर वेळी समोर घेऊन बसत होते.

मला लाज वाटली, आणि ती लपवायला माझ्याकडे काही नव्हतं. "व्यंकटराव, चुकलं माझं," मी म्हणाले. "मी तुम्हाला विचारलंच नाही."

"अंधारीचं मी बी खोटंच बोललो, बाई. खरं सांगितलं असतं तर तुमी गाडी बंद केली असती."

"आता करतेय."

"हाव," ते म्हणाले.

जीप त्यांच्या चुलतभावाकडे गेली. औषध मी पार पहिल्यापासून सुरू केलं, रात्रीची एकच लहान गोळी, रोज, न चुकता. घशात खवखव सुरू झाली की खोकायच्या आधी घोट घोट पाणी कसं प्यायचं, नाकाने श्वास कसा घ्यायचा, हे शिकवायला आमच्याकडच्या वाचा-उपचार करणाऱ्या मुलीला बसवलं. तिच्यासमोर हा आडदांड माणूस पहिलीतल्या पोरासारखा ओठ मिटून बसायचा. दीड महिन्यात ढास कमी झाली. अंधारी थांबली. तीन महिन्यांनी ते माझ्यासमोर बसून सलग दहा मिनिटं बोलले, आणि त्यांचा खरा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. चांगला भारदस्त होता.

मी दोनदा गोळी बंद करून पाहिली, हळूहळू उतरवून. दोन्ही वेळा पंधरा दिवसांत खोकला परत आला. गोळी सुरू केली की गेला. म्हणजे गोळी राहणार होती.

पुढे चुलतभाऊ कामाला पुण्याला निघून गेला आणि जीप दारात उभी राहिली. व्यंकटराव आणि गुरुजी पुन्हा माझ्याकडे आले. कागद हवा होता: हा माणूस गाडी चालवायला लायक आहे, एवढं मी लिहून द्यायचं.

"मॅडम, चार महिने एकदा खोकले नाहीत," गुरुजी म्हणाले. "झोपही येत नाही आता. मी स्वतः बघतोय. घरात दोन पोरी शिकताहेत. द्या एवढा कागद."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. एवढ्या लहान डोसवर स्वतःची मोटरसायकल चालवणारे माझे कितीतरी पेशंट आहेत आणि मी त्यांना अडवत नाही. पण एखाद्या दिवशी गोळी राहिली तर? एखाद्या दिवशी दोन घेतल्या गेल्या तर? मागे बारा माणसं असतात. दुसऱ्या बाजूला समोर बसलेला हा माणूस, ज्याचं मीच आधी नुकसान केलं होतं, आणि जो आता माझ्याच हाताने बरा झाला होता. मी कागद पुढे ओढला. पेन हातात घेतलं. नाव लिहिलं, वय लिहिलं, आणि पुढचं वाक्य लिहवेना. गुरुजी माझ्या पेनाकडे बघत होते.

व्यंकटराव मात्र माझ्याकडे बघत होते.

"बाई, कागद राहू द्या जरा," ते म्हणाले. "एक इचारू का? मी गोळी घेतलेली हाय, अन् गुरुजी आज सुट्टीवर हायेत. मुखेडहून नांदेडला तुमी सोता बसाल का माझ्या गाडीत?"

हो म्हणावं असं मला फार वाटलं. त्यांच्यासाठी आणि माझ्यासाठीही. तोंडापर्यंत आलं होतं. पण ते वळण, ती बस आणि माझ्या दंडावर पडलेलं ते वजन माझ्या अंगातून अजून गेलेलं नव्हतं.

"नाही," मी म्हणाले.

ते रागावले नाहीत. कुणी बरोबर पत्ता सांगितल्यावर मान हलवतात तशी त्यांनी मान हलवली. गुरुजींनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण व्यंकटरावांनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"मंग दुसऱ्याची लेकरं तरी कशाला बसवू," ते म्हणाले. उठले, टोपी नीट केली, आणि दाराशी जाऊन वळले.

"चला गुरुजी. तुमाला आता यष्टीचा पास काढावा लागंल."